एकांडे शिलेदार

मंडळी, शाळेच्या खिडकीच्या कोपऱ्यात, देवळाच्या तुळईखाली, नाहीतर घरातल्या तसबिरीच्या मागे मातीचे एक लहानसे घर तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. लांब, बारीक कमरेची एक माशी तोंडातून ओल्या चिखलाची गोळी आणते, गुणगुणत ती लिंपते आणि पुन्हा उडून जाते. आपण तिला कुंभारीण म्हणतो. घर पुरे झाले की ती आत कोळी नाहीतर अळी कोंबते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी ते घर आतून फोडून तिच्यासारखीच दुसरी कुंभारीण बाहेर येते. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे ज्याने प्रथम पाहिले असेल त्याच्या मनात काय आले असेल, सांगा बरे?

आपल्या पूर्वजांच्या मनात जे आले त्याला 'कीटभृंगन्याय' असे नाव पडले. भृंगी अळीला पकडून आणते, तिच्याभोवती सारखी गुणगुणते, भयाने अळीला भृंगीचाच ध्यास लागतो आणि शेवटी अळीच भृंगी होऊन जाते, अशी ही समजूत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत ही माशीही एक गुरू आहे. ज्याचा ध्यास घ्यावा तद्रूप व्हावे, हा तिच्याकडून घेतलेला धडा. याच अकराव्या स्कंधावर पैठणच्या एकनाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये ती काशीत पुरी केली. पैठणहून गोदावरी पूर्वेला निघते आणि आपल्या जालना जिल्ह्याची दक्षिण शीव आखीत पुढे जाते. तिच्या उत्तर अंगाला घनसावंगी तालुका; त्याच तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे आणि त्याच तालुक्यात आपली तीर्थपुरी आहे. या मुलखात कीर्तनाला बसलेल्या माणसाला अळी आणि भृंगीचा दृष्टांत मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

दृष्टांत म्हणून त्याची गोडी आजही तशीच आहे. परमार्थ शिकवायला घेतलेल्या उदाहरणावर कोणी खोटेपणाचा आळ घेऊ नये. परंतु शेतकऱ्याला आणखी एक प्रश्न पडायला हवा: त्या बंद खोलीत खरोखर काय घडते? हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. कारण त्याच गणगोतातल्या काही माश्या अळी किंवा कोळी न पकडता एकच शिकार करतात, आणि ती शिकार म्हणजे आपल्या करडईवरचा, ज्वारीवरचा, मोसंबीवरचा मावा! आज मला मुख्यतः या मावा मारणाऱ्या माश्यांविषयी सांगायचे आहे. त्यांची ओळख माणसाला कशी झाली, ती होण्यास इतका काळ का लागला, आणि आपण त्यांना ओळखले नाही तर आपले काय नुकसान होते, हे क्रमाने पाहू.

प्रथम एक गंमत सांगतो. अळीची माशी होते ही समजूत एकट्या हिंदुस्थानची नव्हे. चीन देशातही ती होती, आणि तीही फार जुनी. तेथल्या सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहात अशी माशी दुसऱ्याची अळी उचलून नेते असा उल्लेख आहे. पुढच्या टीकाकारांनी त्यावरून असे ठरवले की, माशीला स्वतःची पिले होत नाहीत, म्हणून ती अळीला दत्तक घेते आणि माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो, असे तिच्या कानाशी गुणगुणत राहते. चिनी भाषेत दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव मिळाले. मात्र पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग नावाचा एक वैद्य होऊन गेला. ४५६ ते ५३६ हा त्याचा काळ. त्याने जरा निरखून पाहिले आणि लिहून ठेवले की, माशी स्वतःच अंडी घालते आणि कोंडलेल्या अळ्या हे तिच्या पिलांचे अन्न आहे. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी एका माणसाने घर उघडून पाहिले, एवढ्याने कोडे सुटले!

मग ती गुणगुण कसली? ती मंत्राची नाही, गवंडीकामाची आहे. ओला चिखल लिंपताना कुंभारीण आपले अंग थरथरवते आणि त्या थरथरीने माती नीट बसते. आपला गवंडी थापीने ठोकतो, ती थरथरीने ठोकते. पूर्वजांचे कान खरे होते. आवाज त्यांनी अचूक ऐकला. त्याचा अर्थ लावण्यासाठी भिंतीआड पाहणे तेवढे राहिले होते.

युरोपातही हे पाहणे उशिराच सुरू झाले. नासक्या मांसात किडे आपोआप निपजतात असे तिकडे सर्वत्र मानीत. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांसाच्या भांड्यांवर कापड बांधून दाखवले की, माशी बसली नाही तर किडे होत नाहीत. फ्रान्समध्ये रोमूर याने कीटकांवर सहा मोठे खंड लिहिले; १७४२ च्या सहाव्या खंडात मातीत घर करून त्यात हिरव्या अळ्या भरून ठेवणाऱ्या एकांड्या माशीची हकीकत आहे. तरीही एक कोडे उरलेच. कोंडलेली शिकार दिवसच्या दिवस ताजी कशी राहते? लेआँ द्युफूर या डॉक्टराला वाटले की, माशीच्या नांगीतले विष म्हणजे लोणच्यातल्या मिठासारखे काही असावे; शिकार मरते, पण सडत नाही. याचे उत्तर एका शाळामास्तराने शोधले. झाँ आंरी फाब्र हे त्याचे नाव. १८५५ मध्ये त्याने दाखवून दिले की, शिकार मेलेलीच नसते. नांगीने तिचे अंग लुळे पडते, जीव मात्र राहतो. म्हणून ती ताजी राहते. शिक्षक बंधु-भगिनींनो, फाब्रची पुस्तके पुढे जगभर वाचली गेली, पण त्याची पहिली प्रयोगशाळा म्हणजे उन्हातला रस्त्याकडेचा बांध होता, हे ध्यानात ठेवा. तसा बांध आपल्या प्रत्येक गावात आहे.

आता माव्याकडे वळू. मावा काय चीज आहे हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? आभाळ भरून आले, चार दिवस ऊन पडले नाही, की करडईच्या शेंड्यावर काळा थर चढतो. पानावर चिकटा पडतो, चिकट्यावर काजळी धरते, मुंग्यांच्या रांगा लागतात. मोसंबीच्या बागेत तर मावा रस पितोच, शिवाय एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडात नेऊन सोडतो. "काल नव्हता, आज कुठून आला?" असे आपण म्हणतो. याचेही उत्तर इतिहासात आहे. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणाने १७४० मध्ये नुकतेच जन्मलेले माव्याचे एक पिलू वेगळे काढले, एका डहाळीवर झाकून ठेवले आणि रोज त्याच्यावर पहारा केला. नराशी गाठ न पडता त्या एका मादीला सुमारे एकवीस दिवसांत ९५ पिले झाली. आता हिशेब करा. त्या ९५ जणींना तितकीच पिले झाली तर ९,०२५ होतील, आणि त्यांनाही तितकीच झाली तर साडेआठ लाखांच्या वर जातील. शेतात असे होत नाही, कारण मध्ये खाणारे पुष्कळ असतात. ढालकिडे खातात, सिर्फिड माशीच्या अळ्या खातात, क्रायसोपाच्या अळ्या खातात. त्याच खाणाऱ्यांच्या फौजेत आपल्या या माश्या आहेत.

पेशवाईत एकांडे शिलेदार असत. घोडा आपला, हत्यार आपले, पथकाची वाट न पाहता एकटा स्वार मोहिमेला जाई. मावा मारणारी माशी अगदी तशी आहे. मोहोळातल्या मधमाशीसारखी तिची राणी नाही, पोळ्यावरच्या गांधीलमाशीसारखी तिची पलटण नाही. एकटी मादी घर शोधते, एकटी शिकार करते, एकटी अंडी घालते. नर बिचारा जन्मतो, मादीशी संग करतो आणि संपतो. घरकामात त्याचा हात नाही.

या माश्यांपैकी एक युरोपीय जात फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये नोंदवली. तीन वर्षांनी, १७९६ मध्ये, लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिच्यासाठी 'पेम्फ्रेडॉन' ही नवी प्रजाती उभी केली. १८३७ मध्ये शकर्ड या इंग्रज लेखकाने 'पॅसलीकस' हे नाव दिले. 'डायोडॉन्टस', 'स्टिग्मस', 'सेन्युलस' अशी आणखी नावे पुढेमागे आली. नावे अवघड आहेत खरी, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पेम्फ्रेडॉन मादी वाळलेल्या, किडलेल्या लाकडात किंवा भेंड असलेल्या काडीत जबड्याने बोगदा पोखरते. पॅसलीकस स्वतः फारसे पोखरत नाही. भुंगेऱ्याने केलेले जुने भोक धरते आणि खोल्यांमध्ये झाडाच्या डिंकाचे, राळेचे पडदे घालते. डायोडॉन्टस जमिनीत बीळ करते. सेन्युलसच्या जाती काडीच्या आत रेशमासारख्या धाग्याचे अस्तर लावतात.

घर झाले की शिकार सुरू होते. माशी माव्याच्या वसाहतीवर उतरते, एक मावा जबड्यात धरते, चिमटते, कधी नांगी मारते, आणि तो तसाच तोंडात धरून उडते. मावा जवळ असला तर काही मिनिटांत ती परत येते. कुंभारीण एका खोलीत मोजके कोळी भरते, पण हिची शिकारच एवढीशी असल्याने तिला डझनांनी मावा भरावा लागतो. त्यांतल्या एकावर ती अंडे घालते, भुशाचा किंवा राळेचा पडदा लावते, आणि दुसऱ्या खोलीला हात घालते. अशा एकामागे एक खोल्या होतात. अंड्यातून आलेली अळी साठवलेला मावा थोड्याच दिवसांत फस्त करते. मग ती स्वस्थ पडून राहते. थंड मुलखात अख्खा हिवाळा ती तशीच काढते, आणि ऋतू अनुकूल झाला की कोश होऊन पंख फुटून बाहेर येते. काडीत घर करणाऱ्या बहुतेक एकांड्या माश्यांची आणखी एक तऱ्हा पाहा: ज्यांतून माद्या व्हायच्या ती अंडी आतल्या खोल्यांत आणि ज्यांतून नर व्हायचे ती दाराजवळ असतात. नर आधी तयार होतात, आधी बाहेर पडतात, कोणाची वाट अडत नाही. वाड्याची अशी आखणी चांगल्या कारागिरालाही सुचायची नाही!

अशा भरलेल्या घरावर दरोडा पडल्यावाचून कसा राहील? हिरव्या-निळ्या-तांबड्या धातूसारखी झगझगणारी एक सोनमाशी असते. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तशी ही दुसऱ्या माशीच्या घरात घालते. यांतल्या काही जाती माशीच्या दारापर्यंत जातही नाहीत. त्या सरळ झाडावरच्या जिवंत माव्याच्या अंगात अंडे घालून ठेवतात. शिकारीण तोच मावा उचलते, आपल्या हाताने घरात नेते आणि पडदा लावते. चोर पाहुणा म्हणून पालखीतून वाड्यात गेला! आत सोनमाशीची अळी घरधनिणीच्या पिलाला मारते आणि भरलेले कोठार खाते.

आता आपल्याकडची हकीकत. मुंबईला १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत रॉबर्ट रॉटन नावाचा एक वनाधिकारी होता. १८७१ पासून १९०४ पर्यंत त्याने जंगलखात्यात नोकरी केली. जंगलाची पाहणी करता करता तो मुंग्या आणि माश्या गोळा करी आणि विलायतेतल्या तज्ज्ञांकडे धाडी. १८९२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिला. त्याचे नाव आजही अनेक कीटकांच्या शास्त्रीय नावांत शिल्लक आहे. दुसरा गृहस्थ चार्ल्स बिंगहॅम. हा मूळचा लष्करी अधिकारी, पुढे ब्रह्मदेशाच्या जंगलखात्यात गेला. हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेश यांतल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्या यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १८९७ मध्ये निघाला आणि मुंग्या व सोनमाश्या यांच्यावरचा दुसरा १९०३ मध्ये. स्टिग्मसच्या गणातली एक चिमुकली जात वॉकर याने सिलोनहून १८६० मध्येच नोंदवली होती. पुढे १९५४ मध्ये त्सुनेकी या जपानी शास्त्रज्ञाने अशा जातींसाठी 'कॅरिनोस्टिग्मस' ही वेगळी प्रजाती केली. सांगण्याचा मुद्दा असा की, या माश्या परदेशी पुस्तकांतल्याच नव्हेत. त्यांचे गोत आपल्या बाजूलाही नांदते आहे.

१८९७ या सालाची आणखी एक आठवण आहे. त्याच वर्षी जावा बेटात झेन्टनर या शास्त्रज्ञाने उसावरच्या एका माव्याला नाव दिले. अंगावर पांढरी लोकर असलेला हा मावा पुढे एकशे पाच वर्षांनी आपल्या दाराशी येणार होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!

दरम्यान किडीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बिहारमधल्या पुसा येथे हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. १९०९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या कीटकांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पिकाचे शत्रू आहेत तसे मित्रही आहेत. तेच लेफ्रॉय पुढे लंडनला गेले आणि १९२५ च्या ऑक्टोबरात कीटकनाशक वायूचे प्रयोग करताना प्रयोगशाळेतच बेशुद्ध पडून त्या वायूने मृत्यू पावले. ज्यांना विषाची सर्वांत जास्त माहिती होती, त्यांनाही विषाने सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आणि बी. एच. सी. या भुकट्या गावोगाव पोहोचल्या. पीक वाचले, हिवताप हटला, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु भुकटीला मावा कोणता आणि माव्याची शिकारीण कोणती, हे कळत नसे. मावा थोडा जरी उरला तरी बॉनेच्या हिशेबाने तीन आठवड्यांत पुन्हा उभा राहतो. शिकारणीची एक पिढी मेली, की दुसरी उभी राहायला पुष्कळ काळ जातो. म्हणूनच फवारणीनंतर कित्येकदा मावा पहिल्यापेक्षा जोराने येतो. शेतीतला डी. डी. टी.चा वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला आणि बी. एच. सी.वर १९९७ मध्ये बंदी आली.

मग आले २००२ साल. जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरा थर दिसू लागला. हाच तो लोकरी मावा. बघता बघता तो कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर असा पसरला आणि कर्नाटकात गेला. पानांवर काजळी, जमिनीवर चिकटा, ऊस पोसेना. उसाला माणसापेक्षा उंच वाढल्यावर फवारायचे तरी कसे? औषधे मारली गेली, पैसाही गेला. पण शेवटी माव्याला आवरले ते त्याला खाणाऱ्या जिवांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा नाजूक पंखांचा कीटक, हे दोघे उसाच्या फडात माव्यावर तुटून पडलेले आढळले. शास्त्रज्ञांनी, साखर कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले. ईशान्य भारतातून एन्कार्सिया ही चिमुकली परोपजीवी माशीही आणली गेली. दोन-तीन वर्षांत माव्याचा जोर ओसरला. ज्या शेतकऱ्याने डिफाची अळी पाहून "ही आणखी एक कीड" म्हणून औषध मारले, त्याने आपला कैवारी मारला; ज्याने ती ओळखली, त्याचा ऊसही वाचला आणि शेजाऱ्यालाही बियाणे मिळाले. ओळखण्याची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने तेव्हा रोख पैशात मोजले आहे.

म्हणून आता ओळख कशी करायची ते सांगतो. शिक्षकांनी हा भाग मुलांना वाचून दाखवावा.

मावा मारणारी एकांडी माशी आकाराने लहान असते; लहान जाती तिळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, तर मोठ्या जाती सुमारे बारा मिलिमीटरपर्यंत. रंग बहुधा काळा. पोळ्यावरच्या गांधीलमाशीसारखे पिवळे पट्टे नसतात. डोके अंगाच्या मानाने मोठे आणि पेम्फ्रेडॉनमध्ये तर चौकोनी दिसते. कंबर बारीक. पंख चार. स्टिग्मसच्या गणात पुढच्या पंखाच्या कडेवर एक ठळक काळा ठिपका असतो.

फसगत कोठे होते? पहिली फसगत सिर्फिड माशीने होते. ती फुलापुढे हवेत एका जागी तरंगते, तिला पंख दोनच, मिशा आखूड आणि कंबर नसतेच. दुसरी फसगत पंखवाल्या मुंगीने. तिच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. तिसरी फसगत माव्याच्या परोपजीवी माशीने. ती दोन-तीन मिलिमीटरची असते आणि माव्याला कोठे नेत नाही. त्याच्याच अंगात अंडे घालते. असा मावा फुगतो, वाळक्या गवताच्या रंगाचा होतो आणि पानाला चिकटून राहतो. पानावर असे फुगलेले, भोक पडलेले टरफल दिसले तर समजा की परोपजीवी माशीचे काम चालू आहे, आणि फवाऱ्याची घाई करू नका.

सर्वांत पक्की खूण मात्र घरात सापडते. वाळलेली पोकळ काडी उभी चिरून बघा. आत पिवळा परागाचा गोळा असेल तर ते लहान काळ्या मधमाशीचे घर. कोळी असतील तर कोळी मारणारीचे. हिरव्या अळ्या असतील तर अळ्या मारणारीचे. आणि मावाच मावा भरलेला असेल, तर ती आपली एकांडी शिलेदारीण. तिला भिण्याचे कारण नाही. पोळ्यावरच्या गांधीलमाशीसारखी ती घर राखायला माणसावर धावून येत नाही. मुठीत धरून चिरडली तर नांगी मारील, एवढेच.

तीर्थपुरीच्या परिसरात हे करायला साहित्य विकत आणावे लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या बाजूला ऊस आणला. कोरडवाहू रानात ज्वारी, तूर, कापूस आणि करडई आहेच. ज्वारीच्या धांड्यात भेंड असते, ते पोखरायला सोपे. वेळूची किंवा बोरूची कांडी आतून पोकळ असते. बोटभर जाडीपासून गवताच्या काडीइतक्या बारीक कांड्या वीतभर लांबीच्या कापा, एक टोक बंद ठेवा, पाच-पंचवीसांची पेंढी बांधा आणि पाऊस लागणार नाही अशा बेताने बांधावरच्या झाडाला किंवा शाळेच्या वळचणीला आडवी टांगा. बारीक भोके मुद्दाम ठेवावीत, कारण आपली शिकारीण बारीक आहे. कोणत्या तारखेला कोणत्या कांडीचे तोंड बंद झाले, चिखलाने की भुशाने की डिंकाने, हे मुलांनी वहीत लिहावे. वर्षभराची अशी एक वही म्हणजे गावचा स्वतःचा कीटक-इतिहास होईल. अडले तर खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्यांना नमुना दाखवावा.

शेतकऱ्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. बांधावरची सगळी वाळकी काडी, सगळे किडके खोड जाळून टाकू नये, थोडे राखावे. आणि मावा दिसताच पंप पाठीवर घेण्याआधी दहा-पाच झाडे नीट पाहावीत. ढालकिडे किती, अळ्या किती, फुगलेली टरफले किती, हे मोजावे. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. एकट्या या माशीने करडईचा मावा संपेल, असे समजू नका. ढगाळ दिवसांत मावा अनावर झाला तर उपाय करावाच लागतो. पण फौज म्हणजे एक शिपाई नव्हे. ढालकिडा एका बाजूने, सिर्फिड दुसऱ्या बाजूने, परोपजीवी माशी तिसऱ्या बाजूने आणि ही शिलेदारीण चौथ्या बाजूने, असे सगळे मिळून माव्याच्या हिशेबाला आवर घालतात. त्यांतला एकेक शिपाई आपण न ओळखता कापीत गेलो, तर उरलेली सगळी लढाई विकतच्या औषधाने लढावी लागते.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. या माश्यांचे कुळ कोणते, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने जनुकांची तुलना करून दाखवले की, मधमाशीची सर्वांत जवळची नातलग म्हणजे फुलकिडे मारणाऱ्या अगदी चिमुकल्या माश्यांचे एक कुळ. आणि हे कुळ पूर्वी आपल्या मावा मारणाऱ्या माश्यांच्याच गणात मोजले जाई. म्हणजे फुलाफुलांतून पराग वेचणारी मधमाशी ही मुळात शिकाऱ्यांच्या घराण्यातली! कोणे एके काळी त्या घराण्यातल्या कोणा एकीने पिलांना मांसाऐवजी पराग भरवायला सुरुवात केली, आणि तिच्या वंशात जगातल्या साऱ्या मधमाश्या आल्या.

पाहा, अळीची भृंगी होते हे खरे ठरले नाही. पण शिकारणींच्या वंशात मधमाशी जन्मली, हे खरे ठरले. त्यासाठी कोणी मंत्र म्हटला नाही. लाखो वर्षे गेली आणि शेकडो माणसांनी काड्या चिरून, खोल्या उघडून, वह्या लिहून ते शोधून काढले. त्या वह्यांत तीर्थपुरीच्या शाळेची एक वही पडायला काही हरकत नाही. उद्या करडईच्या शेंड्यावर एखादी बारीक काळी माशी मावा उचलताना दिसली, तर मुलांना हाक मारा आणि ती कोणत्या काडीत शिरते ते बघा.